पाँग ते पॅकमॅन : नक्कल, कल्पना आणि कायदा

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस जवळ आले की होस्टेलवरची मुलं माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत घेऊन येतात. "सर, सिनियरचंच सर्किट ठेवून डिस्प्ले बदलला तर चालेल का?" "सर, गेम तोच आहे, पण कोड आम्ही लिहिलाय. मग ती कॉपी कशी?" याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण गंमत अशी की नेमके हेच प्रश्न कोर्टात लढले गेले आहेत, आणि तेही नाणं टाकून खेळायच्या मशीनवरून! १९७२ ते १९८३ या काळात व्हिडिओ गेमवाल्यांनी एकमेकांवर इतके खटले भरले, की सॉफ्टवेअरच्या कायद्याचा बराच पाया त्यातूनच घातला गेला. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांना ही हकीकत माहीत असायलाच हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१. गेमचा जन्म प्रयोगशाळेत

व्हिडिओ गेम पहिल्यांदा धंदा म्हणून आला नाही. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपवर टेनिस दाखवलं. अॅनालॉग कॉम्प्युटर, एक ऑसिलोस्कोप आणि दोन कंट्रोलर, एवढंच सामान. त्याने त्याचं पेटंटही घेतलं नाही. १९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' तयार केला. दोन यानं एकमेकांवर गोळ्या झाडतात, असा तो खेळ. तोही फुकट! ज्याला हवा त्याने प्रोग्राम न्यायचा, आपल्या मशीनवर चालवायचा, हवं तर त्यात भर घालायची.

स्पेसवॉर पाहून नोलन बुशनेल याच्या डोक्यात आलं की याला नाणं टाकायची पेटी जोडली तर? टेड डॅबनी या जोडीदाराबरोबर त्याने १९७१ मध्ये 'कॉम्प्युटर स्पेस' हे मशीन बाजारात आणलं. ते फारसं चाललं नाही. मग दोघांनी जून १९७२ मध्ये अटारी ही कंपनी काढली.

सांगायचा मुद्दा असा की, जोपर्यंत पैसा नव्हता तोपर्यंत "ही कल्पना कुणाची?" हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. भांडण सुरू झालं ते नाण्याची पेटी आल्यावर.

२. पाँग : प्रोग्राम नसलेला गेम

अटारीने ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरला सराव म्हणून एक साधं काम दिलं. एक चेंडू, दोन बॅट आणि वर गुण दाखवायचे. अल्कॉर्नने त्यात स्वतःची अक्कल घातली. बॅटचे त्याने आठ भाग पाडले. चेंडू कोणत्या भागावर आदळतो त्यावरून तो कोणत्या कोनात परत जाणार हे ठरायचं. खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढायचा. १९७२ च्या अखेरीस सनीव्हेल गावातल्या एका बारमध्ये पहिलं मशीन ठेवलं. काही दिवसांनी ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांची पेटी भरून गेली होती!

आता इंजिनिअरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. पाँगमध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता. रॉमही नव्हती आणि प्रोग्रामही नव्हता. आपण डिजिटल लॅबमध्ये ट्रेनर किटवर जे ७४०० मालिकेचे आयसी लावतो, त्याच जातीचे आयसी, म्हणजे काउंटर, फ्लिपफ्लॉप, गेट. टीव्हीच्या सिंक सिग्नलशी काउंटरची सांगड घालून चेंडू पडद्यावर कुठे उमटायचा ते ठरवलं होतं. म्हणजे तो गेम 'लिहिलेला' नव्हता, तो 'जोडलेला' होता.

याचा परिणाम काय झाला? नक्कल करणं एकदम सोपं झालं. एक मशीन विकत घ्यायचं, उघडायचं, बोर्डवरचे ट्रॅक कागदावर उतरवून काढायचे आणि बाजारात मिळणारे तेच आयसी लावून स्वतःचं मशीन बनवायचं. थोड्याच महिन्यांत पाँगसारखी मशीनं विकणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. अटारीला कॉपीराईटचा आधार नव्हता, कारण सर्किट म्हणजे काही लेख किंवा चित्र नव्हे. उपाय होता पेटंटचा, पण पेटंट मिळायला वेळ लागतो. तोपर्यंत बाजार हातचा जातो.

आणि पेटंटच्या बाबतीत तर अटारी स्वतःच अडकली. राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरने सँडर्स असोसिएट्स या कंपनीत १९६६ पासूनच टीव्हीवर खेळायच्या गेमवर काम केलं होतं. त्याची पेटंटं घेतलेली होती. त्याच्यावरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ साली 'ओडिसी' हा घरी खेळायचा गेम काढला. त्यात टेबल टेनिस होतं! आणि मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात ओडिसीचं प्रदर्शन झालं तेव्हा तिथल्या पाहुण्यांच्या वहीत बुशनेलची सही होती. पाँग बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी.

१९७४ मध्ये मॅग्नाव्हॉक्सने दावा ठोकला. अटारीने १९७६ साली तडजोड केली आणि १५ लाख डॉलर देऊन लायसन्स घेतलं. बाकीच्यांनी लढा चालू ठेवला. जानेवारी १९७७ मध्ये शिकागोच्या कोर्टात न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी मॅग्नाव्हॉक्सच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे, "आमची नक्कल झाली" म्हणून जी कंपनी ओरडत होती, तिलाच दुसऱ्याच्या कल्पनेचे पैसे मोजावे लागले. एक सही किती महाग पडू शकते पाहा!

३. ८०८० आला आणि भांडण बदललं

१९७५ साली 'गन फाईट' या मिडवे कंपनीच्या गेममध्ये इंटेल ८०८० हा मायक्रोप्रोसेसर वापरला गेला. आपण लॅबमध्ये ज्या ८०८५ वर प्रोग्राम करतो त्याचा हा थोरला भाऊ. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोने त्याच ८०८० वर 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. त्यातली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात पळू लागतात. हे आधी ठरवून केलेलं नव्हतं. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरवरचा भार कमी होतो आणि गेम आपोआप वेग घेतो. निशिकादोने तो दोष न मानता तसाच ठेवला, आणि तीच गेमची खरी मजा ठरली.

आता गेम 'लिहिलेला' झाला. तो रॉममध्ये बसला. नक्कल करणाऱ्याला ट्रॅक मोजायची गरज उरली नाही. रॉम वाचायची, ईप्रॉमवर उतरवायची, बोर्डवर लावायची, झालं काम. मग मूळ कंपन्या कॉपीराईटचा कायदा घेऊन कोर्टात गेल्या, आणि नक्कल करणाऱ्यांच्या वकिलांनी मोठे हुशार मुद्दे काढले.

पहिला मुद्दा असा, की रॉम हा मशीनचा भाग आहे, माणसाला वाचता येत नाही, मग ते 'लेखन' कसं? १९८२ साली 'डिफेंडर' या गेमवरून विल्यम्स विरुद्ध आर्टिक हा खटला झाला. अपील कोर्टाने सांगितलं की प्रोग्राम माणसाने वाचायचा असो की यंत्राने, संरक्षण सारखंच. सोर्स कोडला आहे ते रॉममधल्या कोडलाही आहे. या खटल्यातला एक पुरावा तर भलताच मजेशीर होता. नक्कल केलेल्या मशीनवर सर्वाधिक गुणांची यादी यायची आणि त्यात चक्क विल्यम्स कंपनीच्या माणसांची आद्याक्षरं होती! जर्नल उतरवताना सिनियरचा रोल नंबरही उतरवावा, तसला प्रकार.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. गेम प्रत्येक वेळी वेगळा खेळला जातो, खेळणाराच तो घडवतो, मग कायम स्वरूपाची अशी कृती कुठे आहे? 'स्क्रॅम्बल' या गेमच्या खटल्यात (स्टर्न विरुद्ध कॉफमन, १९८२) हा प्रश्न आला. समोरच्या कंपनीने प्रोग्राम स्वतः लिहिला होता, पण पडद्यावर मात्र तेच चित्र, तोच आवाज. कोर्ट म्हणालं की खेळणारा क्रम बदलतो हे खरं, पण ती चित्रं आणि ते आवाज पुन्हापुन्हा तेच येतात. म्हणून पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं त्यालाही स्वतंत्र संरक्षण आहे. म्हणजे "कोड आमचा आहे" एवढं म्हणून सुटका नाही.

जपानमध्येही डिसेंबर १९८२ मध्ये टोकियोच्या जिल्हा कोर्टाने स्पेस इन्व्हेडर्सच्या एका खटल्यात प्रोग्रामला कॉपीराईट मान्य केला.

४. दोन खटले, दोन उलटे निकाल

ज्याला हा विषय खरा समजून घ्यायचा आहे त्याने पुढचे दोन खटले शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत.

अटारीचा 'अॅस्टेरॉइड्स' (१९७९) म्हणजे अवकाशात तरंगणारे दगड फोडायचा गेम. ॲम्युझमेंट वर्ल्ड नावाच्या छोट्या कंपनीने 'मिटिऑर्स' काढला. त्यातही दगड, त्यातही यान. १९८१ साली कोर्टाने दोन्हींतली २२ साम्यं मोजली. तरीही अटारी हरली! कारण असं, की दगड फोडायचा गेम म्हटलं की यान वळणारच, गोळी सुटणारच, मोठ्या दगडाचे लहान तुकडे होणारच. कल्पना घेतली की या गोष्टी तिच्यामागून येतातच. आणि कल्पनेवर कुणाची मालकी नसते. मिटिऑर्स रंगीत होता, त्याचा वेग जास्त होता, खेळण्याचा अनुभव वेगळा होता.

दुसरा खटला पॅकमॅनचा. नामको कंपनीच्या तोरू इवातानीने १९८० साली हा गेम बनवला. घरी खेळायच्या आवृत्तीचे हक्क अटारीकडे होते. फिलिप्सने 'के.सी. मंचकिन' काढला. (फिलिप्स तेव्हा मॅग्नाव्हॉक्सची मालक होती. म्हणजे पाँगच्या वेळचे फिर्यादी इथे आरोपीच्या जागी!) मंचकिनमध्ये फरक बरेच होते. ठिपके फक्त १२, आणि तेही पळणारे. भिंती दिसेनाशा होणारा चक्रव्यूहही होता. खालच्या कोर्टाने अटारीचं ऐकलं नाही. पण मार्च १९८२ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला.

त्यांचं म्हणणं असं. चक्रव्यूह, ठिपके, गुणांची पद्धत हा खेळाचा सांगाडा आहे, तो वापरायला फारशी हरकत नाही. पण खाणाऱ्या गोळ्याचं उघडमीट करणारं तोंड, मोठ्या डोळ्यांची, पायांची हालचाल करणारी भुतं, त्यांचा रंग बदलणं, मग पाठलाग उलटा होणं, हे सगळं तसंच कशाला हवं होतं? पाठलागाच्या खेळात ससा-कुत्रा चालला असता, उंदीर-मांजर चालले असते. हजार पर्याय असताना नेमकं तेच घेतलं, म्हणून ती नक्कल.

कसोटी इथे सापडते. "साम्य किती?" हा प्रश्न नाहीच. "ते साम्य टाळता येण्यासारखं होतं का?" हा खरा प्रश्न आहे. दगड फोडण्याच्या खेळात दगड टाळता येत नाहीत. पण भुताचे डोळे टाळता येतात.

५. एमआयटीच्या होस्टेलमधली पोरं

डग मॅक्रे आणि केविन करन हे एमआयटीचे विद्यार्थी. होस्टेलच्या इमारतींमध्ये गेमची मशीनं ठेवून ते पैसे कमवायचे. मुलं एकदा गेम शिकली की कंटाळायची, नाणी यायची बंद. तेव्हा या पोरांनी अटारीच्या 'मिसाईल कमांड'साठी एक जोडबोर्ड बनवला. मूळ मशीनमध्ये तो लावला की गेम अवघड आणि नवा व्हायचा. सुमारे हजारभर बोर्ड विकले गेले. १९८१ साली अटारीने त्यांच्यावर दीड कोटी डॉलरचा दावा लावला!

पोरं घाबरली नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की, "आम्ही तुमची रॉम विकत नाही, तुमच्याकडून मशीन घेतलेल्या माणसाला जास्तीचा भाग विकतो." शेवटी तडजोड झाली. यापुढे मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय असे बोर्ड विकायचे नाहीत, आणि अटारीने त्यांना स्वतःसाठी गेम बनवायचं काम द्यायचं. त्या वेळी त्यांच्याकडे पॅकमॅनचा जोडबोर्ड अर्धामुर्धा तयार होता. शब्द दिल्याप्रमाणे ते तो घेऊन थेट मिडवे कंपनीकडे गेले. मिडवेला तो आवडला. त्याचंच १९८२ साली 'मिस पॅकमॅन' झालं आणि एक लाखाच्या वर मशीनं खपली.

उलट, आर्टिक कंपनीने मिडवेच्या 'गॅलॅक्सियन'चा वेग वाढवणारे बोर्ड परवानगीशिवाय विकले. १९८३ साली अपील कोर्टाने ती कंपनी दोषी ठरवली. वेग वाढवलेला गेम ही मूळ गेमवरूनच बेतलेली कृती, आणि तिचा हक्क मूळ मालकाचा. पाहा, काम जवळपास सारखंच. एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं नाही.

६. आपल्याकडे काय?

नव्वदच्या दशकात नांदेडला आणि लातूरला बसस्टँडच्या आसपास गेम पार्लरं असायची. रुपयाला एक डाव. घरी टीव्हीला जोडायचे सेट आले ते बहुतेक निंटेंडोच्या मशीनची नक्कल. त्याच्या रॉमला आम्ही सगळे 'कॅसेट' म्हणायचो, आत टेप नसली तरी! वर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत मोजून काही गेम, तेच पुन्हापुन्हा. पण आपल्याकडे पार्लरवाल्यांचं प्रकरण कोर्टात गाजलं ते नकलेवरून नाही. उदगीरच्या पलीकडे लागणाऱ्या कर्नाटकातल्या एम. जे. शिवानी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९५ साली ठरवलं की व्हिडिओ गेमला लायसन्सचं बंधन घालता येतं. तिथे वाद जुगाराचा आणि परवान्याचा होता.

कल्पना आणि मांडणी यांतला फरक मात्र आपल्या सुप्रीम कोर्टाने आधीच सांगून ठेवला होता. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या नाटक-सिनेमाच्या खटल्यात, १९७८ साली. म्हणजे स्पेस इन्व्हेडर्सच्याच वर्षी! आणि थेट खेळाचा खटला हवा असेल तर २००८ चा. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी 'स्क्रॅब्युलस' हा शब्दांचा खेळ काढला. मॅटेल कंपनीने दिल्ली हायकोर्टात दावा केला. कोर्टाने पटाच्या कॉपीराईटचा मुद्दा मानला नाही, पण नाव 'स्क्रॅबल'च्या फार जवळचं म्हणून ते वापरायला मनाई केली. खेळ चालेल, नाव चालणार नाही!

हे आपल्या भाषेत सांगतो. 'लातूर पॅटर्न' सगळ्यांना माहीत आहे. भरपूर सराव, पुन्हापुन्हा चाचण्या, पेपर लगेच तपासून चुका दाखवणं. ही पद्धत नांदेडने घेतली, आणखी कुणी घेतली, कुणी अडवू शकत नाही. पण त्या क्लासच्या छापील नोट्स झेरॉक्स करून विकल्या तर तो गुन्हा आहे. पॅटर्न सगळ्यांचा, नोट्स ज्याच्या त्याच्या. व्हिडिओ गेमच्या अकरा वर्षांच्या भांडणाचं सार एवढंच आहे.

७. प्रोजेक्टवाल्यांसाठी कामाच्या गोष्टी

(१) आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्राम हा 'साहित्यकृती'त धरला. हक्क लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे तुमचा कोडही तुमचाच आहे.

(२) प्रोग्राम कसा चालतो हे समजून घेण्यासाठी तो चालवून पाहणं, तपासणं, अभ्यासणं याला कलम ५२ मध्ये मुभा आहे. तेव्हा शिकायला घाबरू नका. मात्र चोरलेली प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर कलम ६३-ब प्रमाणे किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

(३) कंपनीसाठी प्रोजेक्ट करताना हक्क कुणाचा ते आधी लिहून घ्या. 'डाँकी काँग' (१९८१) चा प्रोग्राम निंटेंडोसाठी इकेगामी या कंपनीने लिहिला होता. तो कुणाचा यावरून १९८३ साली सुरू झालेला वाद १९९० मध्ये तडजोडीने मिटला. आपल्या कायद्यातही हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. तोंडी शब्दाला किंमत नाही.

(४) जुन्या प्रोजेक्टवरून काम करायचं असेल तर कल्पना जरूर घ्या, पण प्रत्येक भागाला तीच कसोटी लावा. हे टाळता येण्यासारखं होतं का? येत असेल तर स्वतःचं करा. येत नसेल तर मोकळ्या मनाने वापरा. आणि कुणाचं काही घेतलंच असेल, तर परवानगी आणि रिपोर्टमध्ये नाव, दोन्ही हवं.

अल्कॉर्नला टेनिसची कल्पना आयती मिळाली होती. बॅटचे आठ भाग पाडणं मात्र त्याचं स्वतःचं. व्हायव्हाला परीक्षक टेनिस कुठून आणलं हे विचारत नाहीत, ते आठ भाग शोधत असतात. तुमच्या प्रोजेक्टमधले तुमचे आठ भाग कोणते, ते मला जमा करायच्या तारखेआधी येऊन सांगा. खोलीचं दार उघडं आहे.